पर्जन्याची सरासरी आणि तिचा इतिहास : पवना खोऱ्याच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील शेती, महसूल, धान्यबाजार आणि लोकजीवन यांचा इतिहास मोसमी पावसाच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. तरीही इतिहासलेखनात पाऊस बहुधा दुष्काळाच्या प्रकरणापुरताच येतो. ज्या वर्षी पाऊस पडत नाही त्या वर्षाची नोंद होते. ज्या वर्षी तो नेहमीसारखा पडतो ते वर्ष अनुल्लेखित राहते. परिणामी 'नेहमीचा पाऊस' म्हणजे काय, तो कोणी, केव्हा व कोणत्या कारणासाठी ठरवला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पवना नदीच्या खोऱ्याच्या संदर्भात करण्यात आला आहे. पवना मावळात सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगत उगम पावते, पूर्वेकडे वाहत पिंपरी-चिंचवड शहरातून जाते आणि पुढे दापोडीजवळ मुळा नदीस मिळते. या दोन नद्यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात पिंपळे सौदागर, पिंपळे गुरव, पिंपळे निलख, रहाटणी ही एकेकाळची शेतीची गावे वसली आहेत. आज ती दाट नागरी वस्तीची उपनगरे आहेत. पिंपळे सौदागरच्या रहिवाशांस पिण्याचे पाणी पवनेतून मिळते आणि पुराचे भयही पवनेचेच असते. मात्र या दोहोंस कारणीभूत होणारा पाऊस प्रामुख्याने त्यांच्या डोक्यावर पडत नाही, तो पश्चिमेस घाटमाथ्यावर पडतो. या विसंगतीमुळे पावसाच्या कालमानातील बदल समजून घेण्यास हे खोरे विशेष उपयुक्त ठरते.

पंचांग, महसुलाची आकारणी, धरणाचे नियोजन आणि नदीकाठची पूररेषा या चारही गोष्टी आपापल्या काळातील पावसाच्या अनुभवावर आधारलेल्या आहेत. पावसाचे स्वरूप बदलले तरी त्या व्यवस्था मात्र जुन्या अनुभवाला चिकटून राहतात, आणि त्या दोहोंतील अंतराची किंमत ज्यांचा त्या निर्णयांत सहभाग नसतो अशांना मोजावी लागते, असे प्रतिपादन या लेखात केले आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची अरबी समुद्रावरील शाखा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येते. बाष्पयुक्त वारे सह्याद्रीस अडतात, वर चढतात, थंड होतात आणि घाटमाथ्यावर प्रचंड वृष्टी करतात. पर्वत ओलांडून ते पूर्वेकडे उतरू लागले की त्यांतील आर्द्रता कमी झालेली असते व उतरताना हवा तापते. त्यामुळे पूर्वेस पर्जन्यछायेचा प्रदेश निर्माण होतो. लोणावळ्यास वर्षाकाठी सरासरी ४०० सेंटीमीटरांहून अधिक पाऊस पडतो; तेथून रस्त्याने सुमारे ६५ किलोमीटर असलेल्या पुण्यात तो ७० सेंटीमीटरांच्या आसपास येतो, तर जिल्ह्याच्या पूर्व टोकास इंदापूर-बारामतीकडे तो ५० सेंटीमीटरांच्या जवळपास असतो.

१८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या पुणे जिल्हा गॅझेटिअरमध्ये जिल्ह्याचे पश्चिम, मध्य आणि पूर्व असे तीन पट्टे कल्पिलेले आहेत. पश्चिमेस भात, मध्यभागी बाजरीसारखी खरिपाची पिके आणि पूर्वेस रब्बीची ज्वारी अशी पिकांची विभागणी या पट्ट्यांशी ढोबळमानाने जुळते. मावळातील भाताला जुलैचा मुसळधार पाऊस लागतो. पूर्वेकडील ज्वारीला सप्टेंबर-ऑक्टोबरातील, म्हणजे उत्तरा व हस्त नक्षत्रांचा पाऊस लागतो. त्यामुळे एकाच वर्षी मावळात सुकाळ आणि इंदापुरात दुष्काळ, अशी स्थिती संभवते. 'पुणे जिल्ह्याचा सरासरी पाऊस' हा शब्दप्रयोग प्रशासनास सोयीचा असला तरी त्या आकड्याइतका पाऊस पडणारे गाव जिल्ह्यात शोधून सापडणे कठीण आहे.

पिंपळे सौदागरचा परिसर या तीन पट्ट्यांपैकी मधल्या पट्ट्याच्या पूर्व कडेला येतो. तेथे प्रत्यक्ष पडणारा पाऊस पुण्याच्या पावसासारखाच मध्यम आहे. परंतु गावाच्या कडेने वाहणारी नदी मात्र पश्चिम पट्ट्याचे पाणी घेऊन येते.

नक्षत्रांचे कोष्टक

पावसाचे कालमान मोजण्याची भारतीय परंपरा जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात पर्जन्यमापनासाठी पात्र ठेवण्याची सूचना आहे आणि निरनिराळ्या प्रदेशांच्या पावसाची परिमाणेही दिली आहेत. अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, पाऊस तेथे मोजमापापलीकडचा म्हटला आहे. त्याहूनही महत्त्वाचा भाग पावसाच्या विभागणीचा आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांपैकी पहिल्या व शेवटच्या महिन्यात मिळून एक तृतीयांश आणि मधल्या दोन महिन्यांत दोन तृतीयांश पाऊस पडावा, हे चांगल्या पर्जन्यमानाचे लक्षण मानले आहे. वर्षाच्या एकूण पावसाइतकेच त्याच्या वाटणीस महत्त्व आहे, ही जाण त्या ग्रंथात स्पष्ट दिसते.

सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत पर्जन्यगर्भाची लक्षणे व वृष्टीचे मापन यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. त्याच ग्रंथात आणखी एक उल्लेखनीय नोंद आहे. पूर्वी दक्षिणायनाचा आरंभ आश्लेषा नक्षत्राच्या मध्यावर होत असे, आता तो कर्क राशीच्या आरंभी होतो, असे वराहमिहिराने म्हटले आहे. नक्षत्रे आणि ऋतू यांचे नाते स्थिर नाही, हे त्याला माहीत होते.

महाराष्ट्रातील शेतकऱ्याने पावसाळा मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती अशा सूर्यनक्षत्रांत विभागला. पेरणी, लावणी, कोळपणी आणि काढणी यांचे वेळापत्रक या नक्षत्रांशी जोडले गेले. ही विभागणी निरयन पद्धतीची असल्याने संपातचलनामुळे प्रत्येक नक्षत्राचा आरंभ ऋतुचक्राच्या मानाने साधारणतः ७० वर्षांत एक दिवस पुढे सरकतो. आज सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश ७-८ जूनच्या सुमारास होतो. याच गणिताने शिवकाळात तो ऋतुमानाच्या दृष्टीने सुमारे पाच दिवस आधी, तर वराहमिहिराच्या काळी सुमारे तीन आठवडे आधी होत असला पाहिजे. म्हणजे मृगाचा आरंभ आणि मोसमी पावसाचे महाराष्ट्रातील आगमन यांचा आज दिसणारा जवळचा मेळ सनातन नाही. तो अलीकडच्या काही शतकांचा आहे. परंपरेने हा मेळ अनुभवातून जुळवून घेतला. पंचांगातील कोष्टक तेच राहिले, परंतु कोणत्या नक्षत्रात कोणते काम करावे याविषयीचे लोकज्ञान पिढ्यापिढ्यांनी सावकाश दुरुस्त होत गेले असावे. बदलाची गती मंद होती, म्हणूनच ही दुरुस्ती शक्य झाली.

दुष्काळ आणि महसुलाची सरासरी

महाराष्ट्राच्या स्मृतीत १३९६ पासूनचा बारा वर्षांचा 'दुर्गादेवीचा दुष्काळ' प्रसिद्ध आहे. त्यानंतरचा मोठा दुष्काळ १६३०-३२ चा होय. पवनेच्या उत्तरेस शेजारच्याच इंद्रायणी खोऱ्यात देहू येथे संत तुकारामांच्या कुटुंबास त्याची झळ लागली, त्यांचा व्यापार बुडाला आणि प्रथम पत्नी अन्नावाचून मृत्यू पावली. हा दुष्काळ गुजरात व दख्खन या दोन्ही प्रदेशांत पसरला होता. पुढे १८०३-०४ च्या दुष्काळात अवर्षणाच्या जोडीला सैन्यांच्या हालचाली व लूट हीदेखील कारणे होती. यावरून असे दिसते की पावसाची तूट आणि दुष्काळ या दोन गोष्टी एकच नव्हेत. तुटीचे रूपांतर दुष्काळात होणे हे राज्यव्यवस्था, बाजार आणि महसूल यांवर अवलंबून असते.

मराठा अमदानीत अवर्षण किंवा अतिवृष्टी झाल्यास महसुलात सूट देण्याची व तगाई देण्याची पद्धत होती. ती सर्वत्र सारख्या न्यायाने अमलात आली असे म्हणता येणार नाही. परंतु वर्षावर्षातील पावसाचा फरक व्यवस्थेस मान्य होता. ब्रिटिश अमलात या दृष्टीत मूलगामी बदल झाला. प्रिंगल यांची आकारणी अयशस्वी ठरल्यावर १८३६ साली इंदापूर तालुक्यापासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी रयतवारीची नवी जमाबंदी सुरू केली. जमिनीचा आकार ३० वर्षांसाठी रोख रकमेत कायम करण्यात आला. चांगल्या वर्षांतील नफ्यातून वाईट वर्षांतील तोटा भरून निघेल, म्हणून आकार माफक ठेवावा आणि दरवर्षीची सूट शक्यतो देऊ नये, असे त्यामागचे तत्त्व होते.

दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर पावसाच्या सरासरीला येथे प्रथमच कायद्याचे रूप मिळाले. मात्र चांगल्या वर्षी शिल्लक राहिलेले धान्य वा पैसा वाईट वर्षापर्यंत टिकवून धरण्याची ऐपत शेतकऱ्याजवळ असेल, तरच हे तत्त्व व्यवहारात उतरणार होते. ती ऐपत नसल्याने वाईट वर्षाचा हप्ता सावकाराच्या कर्जातून भरला जाई. इंदापुरातील पहिल्या मुदतीनंतर १८६०च्या दशकाच्या उत्तरार्धात दर वाढवले गेले आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव याच सुमारास कोसळले. १२ मे १८७५ रोजी सुपे येथून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांमागे ही पार्श्वभूमी होती. पुढच्याच वर्षी पाऊस हुकला आणि १८७६-७८ चा महादुष्काळ ओढवला.

या दुष्काळात पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने झालेले हे काम म्हणजे महाराष्ट्रातील सामाजिक पाहणीचा एक आरंभबिंदू होय. सत्यशोधक समाजाच्या वतीने महात्मा जोतीराव फुले यांनी धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी बालाश्रम चालवला. १८८३ साली पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी पावसाचे पाणी वाहून न जाता शेतात मुरावे, यासाठी सरकारने लष्कर व पोलीस यांच्या साहाय्याने तालीवजा बंधारे घालावेत, अशी सूचना केली. पाऊस किती पडतो याहून पडलेल्या पावसाचे काय होते, याकडे लक्ष वेधणारा हा विचार त्या काळाच्या पुढे होता. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितेने मदतकार्याचे नियम घातले. महसुलाच्या मूळ तत्त्वास मात्र तिने हात लावला नाही.

पर्जन्यमापनाची संस्था

दख्खनच्या हवामानाचा आधुनिक पद्धतीने अभ्यास करणाऱ्यांत कर्नल विल्यम सायक्स यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांचा दख्खनच्या वातावरणविषयक निरीक्षणांवरील निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ मध्ये हुकलेला पाऊस यांनंतर १८७५ साली भारतीय हवामान खात्याची स्थापना झाली व हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. हिमालयातील बर्फ व पुढील मोसमी पाऊस यांचा संबंध त्यांनी १८८४ मध्ये मांडला आणि १८८६ पासून पावसाचे दीर्घकालीन अंदाज नियमित प्रसिद्ध होऊ लागले. त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांच्या काळात १८९९ चा आशादायक अंदाज साफ चुकला आणि देशास भीषण दुष्काळास तोंड द्यावे लागले.

या अपयशाच्या पार्श्वभूमीवर १९०४ साली सूत्रे हाती घेतलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदींचे सांख्यिकीय विश्लेषण केले. त्यातून पॅसिफिक व हिंदी महासागरांवरील दाबाचे परस्परविरोधी चढउतार, म्हणजे 'दक्षिणी आंदोलन', पुढे आले. भारतातील पाऊस समजून घ्यायचा तर दूरच्या महासागरांकडे पाहिले पाहिजे, हे त्यामुळे निश्चित झाले. १९२८ साली खात्याचे मुख्यालय शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या वेधशाळेस पुणेकर आजही 'शिमला ऑफिस' म्हणतात, ते याच स्थलांतरामुळे. १९३२ मध्ये तेथे एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानशास्त्राचा विभाग सुरू झाला. मुख्यालय १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी पुण्याचे महत्त्व टिकले. १९६२ मध्ये स्थापन झालेली आणि आज पाषाण येथे असलेली भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था हे त्याचेच फलित होय. या संस्थेतील बी. पार्थसारथी व त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातील ३०६ केंद्रांच्या नोंदींवरून १८७१ पासूनची अखिल भारतीय पर्जन्यमाला तयार केली.

या मालेमुळे तुटीची वर्षे एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागली. जून ते सप्टेंबर या काळात १९१८ मध्ये देशात सरासरीपेक्षा सुमारे २५ टक्के, १९७२ मध्ये सुमारे २४ टक्के, २००२ मध्ये १९ टक्के आणि २००९ मध्ये २२ टक्के पाऊस कमी झाला. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्रास रोजगार हमी योजना दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेस १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले. तुटीचे प्रमाण १९१८ च्या जवळपास असूनही मनुष्यहानी त्या प्रमाणात झाली नाही. व्यवस्था बदलल्यास पावसाच्या तुटीचा सामाजिक परिणाम बदलतो, याचा हा पुरावा होय.

सरासरीत न दिसणारे बदल

'सरासरी' हा आकडाही कालसापेक्ष आहे. देशाच्या मोसमी पावसाची दीर्घकालीन सरासरी १९५१-२००० या काळासाठी सुमारे ८९ सेंटीमीटर, १९६१-२०१० साठी ८८ सेंटीमीटर आणि २०२२ मध्ये स्वीकारलेल्या १९७१-२०२० या काळासाठी सुमारे ८७ सेंटीमीटर आहे. हवामान खात्याच्या मते पावसाची काही दशके कोरडी व काही ओली अशी आवर्तने असतात आणि १९७० च्या दशकापासून देश कोरड्या आवर्तनात आहे. त्यामुळे एकूण पावसातील घट ही सर्वस्वी तापमानवाढीमुळे झाली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

विभागणीतील बदल मात्र अधिक स्पष्ट आहेत. बी. एन. गोस्वामी व सहकाऱ्यांनी २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९५१ ते २००० या काळात मध्य भारतातील अतिवृष्टीच्या घटना वाढल्याचे व मध्यम पावसाच्या घटना घटल्याचे आढळले. या दोहोंनी एकमेकांची भरपाई केल्याने मोसमातील एकूण पावसात लक्षणीय कल दिसला नाही. रॉक्सी मॅथ्यू कोल व सहकाऱ्यांच्या २०१७ मधील अभ्यासात १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्याचे दिसले आणि अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाच्या वाढत्या चढउतारांशी त्यांचा संबंध जोडण्यात आला. उष्ण हवा अधिक बाष्प धरून ठेवते, हे यामागील साधे भौतिक तत्त्व आहे. पाऊस नसलेल्या दिवसांचा खंड लांबतो आणि पाऊस आला की थोड्या वेळात पुष्कळ पडतो.

आगमन आणि निर्गमनाच्या तारखाही स्थिर नाहीत. हवामान खात्याने २०२० मध्ये मोसमी पावसाच्या सामान्य तारखा सुधारल्या. मुंबईतून पाऊस माघारी जाण्याची तारीख २९ सप्टेंबरऐवजी ८ ऑक्टोबर झाली. २०१९ मध्ये पावसाने देशातून माघारीस ९ ऑक्टोबर रोजी सुरुवात केली, तर २०२५ मध्ये तो २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत दाखल झाला. मृगाच्या आधी दहा-बारा दिवस आलेल्या अशा पावसावर पेरणी करावी की नाही, हा निर्णय शेतकऱ्यास नक्षत्रांच्या कोष्टकाच्या आधारे घेता येत नाही. मागील शतकांत सावकाश होणाऱ्या दुरुस्तीस येथे अवधीच उरत नाही.

पवना खोरे : धरण, शहर आणि पूररेषा

पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी पूर्ण झाले. त्याची साठवणक्षमता सुमारे साडेआठ अब्ज घनफूट आहे. घाटमाथ्यावर तीन-चार महिन्यांत पडणारे पाणी अडवून वर्षभर पुरवणे हा त्याचा हेतू होता. १९७० मध्ये नगरपालिका व १९८२ मध्ये महानगरपालिका झालेल्या पिंपरी-चिंचवड शहराची वाढ या पाण्यावर झाली. शहराची लोकसंख्या २००१ च्या जनगणनेत सुमारे १० लाख, तर २०११ मध्ये १७ लाखांहून अधिक होती. पिंपळे सौदागरमधील शेतांच्या जागी गृहसंकुले उभी राहिली, ती प्रामुख्याने याच कालखंडात.

धरणासाठी जमीन गेली ती मावळातील शेतकऱ्यांची. नदीपात्रातून रावेत बंधाऱ्यापर्यंत वाहत येणाऱ्या पाण्याचा वाटेतील गावांना उपयोग होत असे. हे पाणी बंद जलवाहिनीतून थेट शहरात नेण्याच्या योजनेस या गावांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले आणि योजनेचे काम थांबले. ही घटना भर पावसाळ्यात, खोऱ्यातील सर्वाधिक पावसाच्या पट्ट्यालगत घडली, हे लक्षात घेतले पाहिजे. पाण्याचा संघर्ष केवळ कमी पावसाच्या प्रदेशात उद्भवतो, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. ज्या गावांच्या शिवारात पाऊस पडतो त्यांचा त्यावरील हक्क कोणता, हा प्रश्न १९२० च्या दशकात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील मुळशी सत्याग्रहाने शेजारच्याच खोऱ्यात उपस्थित केला होता.

२०१९ हे वर्ष या दृष्टीने उद्बोधक आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस केरळात ८ जून रोजी, म्हणजे उशिरा पोहोचला आणि देशात जूनमध्ये सुमारे एक तृतीयांश तूट राहिली. पुढे जुलैच्या अखेरीपासून घाटमाथ्यावर संततधार लागली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरणांतून सोडलेले पाणी व खालच्या भागातील पाऊस एकत्र येऊन पवना-मुळेच्या काठच्या वस्त्यांत शिरले. सांगली-कोल्हापूरचा महापूर याच पंधरवड्यातील होता. मोसमाअखेर देशातील पाऊस सरासरीच्या ११० टक्के भरला. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून पिंपरी-चिंचवड शहरास दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला. उशिराचा पाऊस, पूर आणि पाणीकपात हे तिन्ही अनुभव एका वर्षात आले. वार्षिक बेरजेत मात्र ते वर्ष 'उत्तम पावसाचे' ठरले. धरण भरले की त्याच्या क्षमतेपलीकडचे पाणी नदीत सोडावेच लागते. म्हणून थोड्या दिवसांत पडणारा जादा पाऊस साठ्यात भर न घालता पुरात भर घालतो, आणि शहराची गरज साठ्याच्या व पुरवठ्याच्या मर्यादेवरच अडून राहते.

नदीकाठच्या बांधकामास मर्यादा घालणाऱ्या पूररेषांतही सरासरीचेच गृहीतक आहे. निळी पूररेषा सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीवर, तर लाल पूररेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पातळीवर आखली जाते. यातील '२५ वर्षे' व '१०० वर्षे' हे आकडे उपलब्ध जुन्या नोंदींवरून काढलेली संभाव्यता दर्शवतात. अतिवृष्टीच्या घटना वाढत असतील, तर कालच्या नोंदींवरून शंभर वर्षांचा मानलेला पूर उद्या त्याहून बराच लवकर येऊ शकतो. अर्थात नदीकाठच्या पुरांचा सगळा दोष पावसावर टाकणे योग्य नव्हे. पात्रालगतचा भराव, बुजवलेले ओढे, काँक्रीटमुळे जमिनीत न मुरणारे पाणी ही मानवनिर्मित कारणे आहेत. फुले यांनी शेतजमिनीसंबंधी मांडलेला पाणी मुरवण्याचा मुद्दा आज नागरी भूमीसही तितकाच लागू पडतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. ऋतुमानानुसार पावसाचे स्वरूप कधीच पूर्णपणे स्थिर नव्हते. नक्षत्रे व ऋतू यांचे नातेही शतकानुशतके सरकत आले आहे. परंतु पूर्वीच्या बदलाची गती लोकज्ञानास जुळवून घेता येईल इतकी मंद होती.

२. 'सरासरी पाऊस' ही प्रशासकीय व सांख्यिकीय कल्पना असून तिचा स्वतंत्र इतिहास आहे. १८३६ च्या जमाबंदीतील ३० वर्षांचा आकार आणि आजची पूररेषा यांत गतकाळाप्रमाणेच भविष्यकाळ असेल, हे समान गृहीतक आहे.

३. या गृहीतकाच्या चुकीचा भार निर्णय घेणाऱ्यांवर पडत नाही. एकोणिसाव्या शतकात तो इंदापूर-सुप्याच्या कर्जबाजारी शेतकऱ्यावर पडला. एकविसाव्या शतकात तो नदीकाठी स्वस्त घर शोधणाऱ्यावर आणि धरणाकाठच्या गावकऱ्यावर पडतो.

४. पवना खोऱ्यातील अनुभव पाहता वार्षिक बेरजेपेक्षा पावसाचे दिवस, खंडांची लांबी आणि एका दिवसातील कमाल पाऊस यांच्या नोंदी नियोजनास अधिक उपयुक्त आहेत. घाटमाथा, मधला पट्टा व पूर्व पट्टा यांच्या नोंदी स्वतंत्रपणे विचारात घेणे आवश्यक आहे.

५. १९७२ च्या अनुभवावरून व्यवस्था सुधारल्यास पावसाच्या लहरीपणाचे रूपांतर आपत्तीत होणे टाळता येते, हे सिद्ध झाले आहे.

पुणे परिसरात पावसाच्या दीड शतकाहून अधिक काळाच्या नोंदी, त्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्था आणि दुष्काळाविषयीच्या सामाजिक विचाराची परंपरा या तिन्ही गोष्टी एकत्र आढळतात. इतिहास, भूगोल, हवामानशास्त्र व अर्थशास्त्र या विषयांच्या अध्यापकांनी तालुका व गाव पातळीवरील पर्जन्यनोंदी, जमाबंदीचे अहवाल आणि वृद्ध शेतकऱ्यांच्या आठवणी एकत्र मांडल्यास या खोऱ्याचा पर्जन्येतिहास अधिक बारकाईने लिहिता येईल. पिंपळे सौदागरसारख्या गावांतील शेती पाहिलेली पिढी आता वृद्धापकाळात आहे. म्हणून हे काम लवकर हाती घेणे अगत्याचे आहे.